लाँच तीच, धक्का कुठला?

रायगड जिल्ह्यातला मोरा आणि मुंबई यांच्या दरम्यान लाँचने रोज ये-जा करणाऱ्यांना भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असतात. मोठी ओहोटी लागली की गाळामुळे लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या खोळंबतात. लाँच धडधाकट असते, इंजिन सुरू असतं, माणसं तिकिटं काढून बसलेली असतात. अडतं ते धक्क्यापाशी. मेंदूचा कारभार समजून घ्यायला मोऱ्याचं हे रोजचं दृश्य फार उपयोगी आहे. एक चेतापेशी दुसरीकडे निरोप पाठवते तो रासायनिक रेणूच्या रूपाने. हा रेणू म्हणजे आपली लाँच. तो पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावर असलेल्या एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन लागतो, तेव्हाच निरोप आत उतरतो. या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. मराठीत ग्राही प्रथिन. आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोऱ्याला लागली की रेवसला यावर उतारू कुठल्या गावात पोचले हे जसं ठरतं, तसंच मेंदूत एकाच रेणूचा परिणाम काय होणार हे तो कुठल्या रिसेप्टरला लागला यावर ठरतं. सेरोटोनिन हे नाव अलीकडे वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत सारखं दिसतं, जणू ते आनंदाचं एकच बटण आहे. प्रत्यक्षात सस्तन प्राण्यांमध्ये सेरोटोनिनचे १४ प्रकारचे रिसेप्टर माहीत आहेत. कुठे ते पेशीला शांत करतं, कुठे चेतवतं. त्यामुळे मेंदूविषयीचा जवळपास प्रत्येक गंभीर प्रश्न अखेर एका धक्क्याशी येऊन थांबतो: कुठला रिसेप्टर?

हा प्रश्न मोऱ्यापासून खाडीपलीकडे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. डॉ. विदिता वैद्य या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या आणि येल विद्यापीठातून पीएच.डी. करून २००० साली या संस्थेत रुजू झाल्या. ताण, चिंता आणि मनःस्थिती यांच्यामागचे मेंदूतले बदल हा त्यांचा विषय. २०१९ साली त्यांच्या आणि डॉ. उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटांनी मिळून एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशींना सेरोटोनिन मिळालं की त्यांच्यातली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रं, वाढतात आणि पेशी ताणाला अधिक चांगलं तोंड देतात. निरोप्या समजला जाणारा रेणू पेशीच्या इंधनाचीही व्यवस्था पाहतो, हे नवं होतं. पण त्या शोधनिबंधाचं वजन त्याच्या पुढच्या भागात आहे: हा परिणाम ५-एचटी-२ए नावाच्या एका रिसेप्टरमार्फत होतो, हे त्यांनी दाखवलं. ‘सेरोटोनिनमुळे ऊर्जा वाढते’ हे अर्धं वाक्य आहे. ‘या धक्क्यातून वाढते’ म्हटलं की औषध कुठे लावायचं, हे शोधायची सोय होते. २०२२ साली वैद्य यांना जीवशास्त्रासाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

रिसेप्टर ओळखणं हा पुस्तकी छंद आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने रायगड जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, महाडकडे पाहावं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, फुफ्फुसात पाणी साचून दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी घेतल्या आणि कार्यकारण लावलं. विषामुळे चेतातंतूंमधून ॲड्रेनलिनसारख्या रेणूंचा लोंढा सुटतो, तो रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरना जाऊन लागतो, वाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. लोंढा थांबवता येत नसेल तर धक्का बंद करायचा. त्यासाठीचं औषध बाजारात आधीपासून होतं: रक्तदाबावरचं प्राझोसिन, जे नेमक्या याच अल्फा रिसेप्टरना अडवतं. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं हे काम छापून आलं. प्राझोसिनच्या आधी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. नंतर हे प्रमाण एक-दोनच्या आसपास आलं. विंचू तोच, विष तेच, दवाखानाही खेड्यातलाच. फरक पडला तो कुठला रिसेप्टर हे कळल्याने.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रिसेप्टरचा अभ्यास करायचा तर तो हातात यावा लागतो, आणि मेंदूतून तो काढणं जवळपास अशक्य, इतका तो थोडा असतो. याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल. चेतापेशींना जगवणारं आणि त्यांच्यातले दुवे घट्ट करणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन १९८२ साली ईव्ह-अलँ बार्ड आणि हान्स थोनेन यांनी शोधलं. त्यासाठी त्यांनी डुकरांचे मेंदू वापरले. दीड किलो मेंदूतून हाती आलं एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अशा वाटेने विज्ञान फार लांब जाऊ शकत नाही, आणि प्राण्यांच्या जिवाचा हिशेबही कोणाला मानवणार नाही. वाट बदलली ती रिकॉम्बिनंट तंत्राने. हव्या त्या प्रथिनाचं जनुक घ्यायचं, ते दुसऱ्याच पेशीत घालायचं आणि तिच्याकडून प्रथिन तयार करून घ्यायचं. मधुमेह्यांच्या घरात हे तंत्र कधीच पोचलं आहे: पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून निघणारं इन्सुलिन १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेल्या रूपात मिळू लागलं.

रिसेप्टर मात्र जिवाणूंना सहसा नीट जमत नाही. त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, घड्या गुंतागुंतीच्या असतात. त्या नीट घालायला बहुतेकदा सस्तन प्राण्याची पेशी लागते. म्हणून १९७३ पासून प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या एचईके नावाच्या मानवी मूत्रपिंड-पेशी वापरतात. बीडीएनएफ ज्या धक्क्याला लागतं त्या ट्रॅक-बी या उंदराच्या रिसेप्टरचं उदाहरण घेऊ. हा रिसेप्टर पेशीच्या आवरणातून आरपार गेलेला असतो. त्याचा बाहेर डोकावणारा भाग, जिथे बीडीएनएफ येऊन बसतं, तेवढाच जनुकातून कापून घेतात आणि त्याला प्रतिपिंडाची एफसी नावाची शेपटी जोडतात. पेशी हे जोडप्रथिन बाहेरच्या द्रवात सोडतात. शेपटीचा उपयोग तिथे होतो: तो द्रव एका नळीतून जाऊ दिला की नळीतल्या मण्यांवरचं प्रथिन-ए शेपटीला धरून ठेवतं, बाकी सगळं वाहून जातं. मग आम्लता वाढवून पकड सोडवायची, शुद्धता तपासायची, गोठवून सुकवायचं. प्रयोगशाळेत येते ती बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी. तिच्यात १०० मायक्रोग्रॅम पूड, मिठाच्या एक-दोन कणांएवढी, बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून जाणता विद्यार्थी झाकण उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतो, नाहीतर झाकणाला चिकटलेली पूड हातमोज्यावर जायची. मग मोजून द्रावण घालायचं, हलवायचं नाही, फेस होऊ द्यायचा नाही, तसंच काही वेळ ठेवायचं. विरघळल्यावर छोटे छोटे भाग करून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवला की प्रथिनाच्या घड्या बिघडू लागतात.

इतक्या खटाटोपाने मिळालेल्या या पुडीचं काम काय? ती खोटा धक्का आहे. मेंदूच्या कापात किंवा वाढवलेल्या पेशींत ही मोकळी फिरणारी ट्रॅक-बी-एफसी सोडली की बीडीएनएफ तिलाच जाऊन चिकटतं आणि खऱ्या रिसेप्टरपर्यंत पोचत नाही. मग काय बिघडतं ते पाहायचं. १९९०च्या दशकात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी जोडलेल्या भागात, हे करून पाहिलं तेव्हा चेतापेशींमधले दुवे बळकट होण्याची क्रिया मंदावली. शिकण्याशी बीडीएनएफचा संबंध आहे याचा हा महत्त्वाचा पुरावा होता. हीच युक्ती माणसाच्या औषधातही आहे. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं संधिवातावरचं एटानरसेप्ट म्हणजे मानवी रिसेप्टरचा बाहेरचा भाग आणि एफसी शेपटी. ते दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या रेणूला वाटेतच पकडतं. संधिवाताच्या रुग्णाच्या दंडात जाणारी सुई आणि उंदराच्या मेंदूवरचा प्रयोग यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. मेंदूविज्ञानात मिळणारं उत्तर त्या कुपीइतकंच खरं असतं, आणि म्हणून ही कुपी बनवणं आणि तपासणं हा खरेदी विभागाचा विषय नाही, ते विज्ञानच आहे. उदाहरणं पाहा. ट्रॅक-बी फक्त बीडीएनएफला पकडत नाही, एनटी-४ नावाच्या त्याच्या भावंडालाही पकडतो. हे विसरलं तर निष्कर्ष भलत्याच रेणूच्या नावावर जमा होतो. एफसी शेपटीचे स्वतःचे रिसेप्टर मेंदूच्या रक्षक पेशींवर असतात, त्यामुळे नुसती शेपटी घालूनही तोच प्रयोग करावा लागतो. याहून फसवी गोष्ट एन्डोटॉक्सिनची. जिवाणूंच्या कवचातला हा पदार्थ निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या उष्णतेलाही दाद देत नाही. कुपीत त्याचा अंश राहिला तर मेंदूतल्या रक्षक पेशी, मायक्रोग्लिया, खवळतात आणि दाहाची सगळी लक्षणं दिसू लागतात. संशोधक लिहितो की अमुक प्रथिनाने दाह होतो. खरं तर तो कचऱ्याने झालेला असतो. म्हणून चांगल्या बॅचच्या कागदावर एन्डोटॉक्सिनचा आकडा असतो. (तो मोजायची रूढ चाचणी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तावर चालते. सिंगापूरच्या संशोधकांनी त्याच रक्तातलं प्रथिन रिकॉम्बिनंट पद्धतीने बनवून या प्राण्याला त्यातून सोडवण्याचा मार्ग काढला आहे, आणि तो अजून सगळीकडे रुळलेला नाही याचं वाईट वाटतं.) रिसेप्टर ओळखण्यासाठी विकली जाणारी प्रतिपिंडंही अनेकदा भलत्याच प्रथिनाला चिकटतात, असं २००९ पासून औषधशास्त्राची नियतकालिकं सांगत आली आहेत. त्यांची परीक्षा घ्यायलाही शुद्ध रिसेप्टरच लागतो. तराजू खरा आहे का हे वजनाने पाहायचं, तर आधी वजन खरं हवं.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आणि रास्त आहे: उंदराच्या रिसेप्टरवर एवढे श्रम कशाला, रुग्ण तर माणूस आहे. हा फरक खरा आहे हे कोरोनाच्या साथीत सर्वांनी पाहिलं. सुरुवातीचा विषाणू उंदराच्या एसीई-२ रिसेप्टरला नीट चिकटतच नव्हता, म्हणून मानवी रिसेप्टर असलेले उंदीर वापरावे लागले. सेरोटोनिनचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. ५-एचटी-१बी हा रिसेप्टर सुमारे ३९० अमिनो आम्लांची साखळी आहे. १९९२ साली दिसून आलं की माणूस आणि उंदीर यांच्या या रिसेप्टरमध्ये मोक्याच्या ठिकाणचं एकच अमिनो आम्ल वेगळं आहे, आणि तेवढ्यावरून हृदयरोगात दिली जाणारी काही बीटा-ब्लॉकर औषधं उंदराच्या रिसेप्टरला घट्ट धरतात, माणसाच्या रिसेप्टरला मात्र जेमतेम. पण यातून उंदराचा रिसेप्टर नको असं निघत नाही, उलट निघतं. जिवंत मेंदूत, जागत्या आणि घाबरणाऱ्या जिवात काय घडतं हे माणसावर पाहता येत नाही. ते उंदरातच पाहावं लागतं, आणि उंदरात पाहायचं तर उंदराचाच रिसेप्टर मापाला हवा. माणसाच्या कुपीने उंदराचा मेंदू मोजला तर चूक कुठे झाली हेही कळणार नाही. दोन्ही रिसेप्टर शेजारी ठेवून तपासले, तर एखादं औषध उंदरात चाललं आणि माणसात का फसलं याचं उत्तर कधीकधी त्या एका अमिनो आम्लात सापडतं. बीडीएनएफच्या बाबतीत निसर्गाने आपल्याला एक सवलतही दिली आहे: त्याचं परिपक्व रूप माणूस, उंदीर आणि डुक्कर यांच्यात अगदी एकसारखं आहे. लाँच तीच, धक्क्यांची बांधणी तेवढी तपासायची.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो. कुपीत असतो तो रिसेप्टरचा बाहेरचा तुकडा. आत निरोप पोचवणारा भाग त्यात नसतो, मग त्याला रिसेप्टर म्हणायचं तरी कसं? हे मान्य करायला हवं. ५-एचटी-२ए सारखे रिसेप्टर तर पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर विणलेले असतात, आणि आवरणाबाहेर काढले की त्यांची घडी विस्कटते. याच कुळातल्या बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरचं जनुक १९८६ साली हाती आलं, त्याची रचना दिसायला २००७ उजाडलं, आणि त्या कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ सालचं नोबेल मिळालं. तेव्हा कुपीतल्या तुकड्याकडून पूर्ण रिसेप्टरचं काम मागायचं नाही. काय चिकटतं, किती घट्ट चिकटतं, आणि ते वाटेत अडवलं तर काय होतं, या तीन प्रश्नांपुरता तो विश्वासाचा आहे. आपल्या मर्यादा ठाऊक असलेलं साधन हे साधन म्हणून चांगलंच.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि मला तोच सर्वात घातक वाटतो: बाहेरून तयार मिळतं, मग इथे कशाला बनवायचं? जुलै २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झालं. देशभरच्या संशोधकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच प्रत्यक्ष वापरणाऱ्यांसाठी ते पुन्हा १० टक्क्यांवर आणलं गेलं. ते काही दिवस पुरेसे होते. साधनं परक्या हातात असली की एका कलमाने पीएच.डी.चं एक वर्ष कसं टांगणीला लागतं, हे त्यांनी दाखवलं. शिवाय कोरड्या बर्फात येणारी कुपी विमानतळावर अडकली आणि बर्फ संपला, तर आत काय उरलं हे झाकणावरून कळत नाही. आपल्याला हे तंत्र जमत नाही असंही नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सर्वाव्हॅक ही रिकॉम्बिनंट लसच आहे. आणि मोऱ्याहून फार दूर नव्हे, टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या केंद्रात जून २०२१ मध्ये एका रुग्णाला देशातले पहिले कार-टी पेशी-उपचार दिले गेले. त्या पेशींवर, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशींवर, बसवलेला कृत्रिम रिसेप्टर पवईची आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडला. तो रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना ओळखतो. त्याचा ओळखणारा भाग मूळचा उंदराच्या प्रतिपिंडाचा, माणसाला मानवेल असा बदललेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली, आणि परदेशातल्या उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो दिला जाऊ लागला. उंदराच्या प्रथिनापासून निघालेला, इथे घडवलेला रिसेप्टर आज इथल्या रुग्णांच्या रक्तात काम करतो आहे. ज्या टापूत हे होऊ शकतं तिथे उंदराचा ट्रॅक-बी बनू शकत नाही, हे पटण्यासारखं नाही.

कुलाबा, पवई आणि खारघर ही तीन ठिकाणं एकमेकांपासून काही तासांच्या अंतरात आहेत. त्यांच्यासाठी संशोधनाच्या दर्जाची प्रथिनं बनवणारं एक सामायिक केंद्र असावं. तिथे प्रत्येक बॅचची शुद्धता, चिकटण्याची ताकद आणि एन्डोटॉक्सिन मोजून आकडे उघड प्रसिद्ध व्हावेत, आणि ही कामं करणाऱ्या तंत्रज्ञांना कायमची नोकरी आणि शोधनिबंधात नाव मिळावं. जैवतंत्रज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या उरण-पनवेलच्या मुलामुलींना हे काम जमणार नाही असं मानायला काहीही कारण नाही. त्याला लागते ती मेहनत, नीटनेटकेपणा आणि एक चांगला फ्रीझर. निधी देणाऱ्या संस्थांनी अर्जात एक रकाना वाढवावा: वापरणार ते प्रथिन कोणत्या बॅचचं, आणि तुम्ही स्वतः ते कसं तपासणार? वाचकांनाही एक विनंती. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संशोधन संस्था सामान्य लोकांसाठी दारं उघडतात. मुलांना घेऊन जरूर जा. मोठी यंत्रं पाहून झाली की फ्रीझरपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला विचारा, ही कुपी कुठून आली आणि तुम्ही ती तपासली का.